निवेदनमामांची सातवी खेप

आमदाराकडे काहीही मागायच्या आधी निवेदनमामा सहा वेळा नुसते जायचे. पहिल्या खेपेला घरचे वाल, दुसऱ्या खेपेला काकड्या, मग आमदाराच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायला, मग नातीच्या बारशाला. "पयल्याच भेटीत हात पसरला की मानूस आपलं तोंड विसरतो, हात तेवढा ध्यानात ठेवतो," असं त्यांचं म्हणणं. सातव्या खेपेला पिशवीतून निवेदन निघायचं. मामा कडावकडचे भातशेतीवाले. खरं नाव वेगळं, पण कशेळ्याच्या बाजारात सगळे त्यांना निवेदनमामाच म्हणत. त्यांची निवेदनं टाईप करायचो मी. स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.

मामांना स्वतःसाठी काही नको होतं. मागणं एकच, ओढ्यावर साकव, पायी जाण्यापुरता लहानसा पूल. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या बाया त्यांच्या शेतात लावणीला यायच्या. एका पावसाळ्यात तिथल्या बुधीबाईच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून खाली आणलं, तर ओढा फुगलेला. अलीकडे मामा जीप घेऊन उभे, पलीकडे झोळी. दुपारी पाणी उतरलं, तोवर पोटातलं बाळ गेलं होतं. त्या दिवसापासून मामांनी आमदाराचा व्हरांडा सोडला नाही.

वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, घरं बंद असतात. म्हणून ती सापडतील तेव्हाच मामा अंगठे घेऊन ठेवत. काय मागायचंय ते प्रत्येकाला तोंडी दोनदा समजावत. कागदावर मात्र नुसती नावं आणि अंगठे. मजकुराचं पान मी सावकाश टाईप करून वर टाचायचो. अंगठा उठला की लिंबाची फोड चोळून, फडक्याने तो मामा स्वतः पुसत. "आंगठा देनाऱ्याला काळ्या हातानं घरी नाय धाडायचं." मी चिडवायचो, "मामा, तुम्ही अंगठे पुसा, तिकडे ते निवेदनानं टेबल पुसतात." ते हसून म्हणायचे, "तू टाईप कर रं."

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. चपलांच्या ढिगाशेजारी तीन तास बसलो. मधे एका प्लॉटवाल्याची गाडी आली, तो सरळ आत गेला. मग आमदार बाहेर आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, जेवलात का?" आणि उत्तर न ऐकता गाडीत बसले. मामा खूश. "बघ, वळखलं." माझ्या तोंडाला कडू आलं. त्या माणसाने तोवर दोन पक्ष बदलले होते. मामांचे वाल तेवढे तेच होते.

सातव्या खेपेला आमदाराच्या पीएने निवेदन अंगठ्यांसकट ठेवून घेतलं. काही महिन्यांनी तोच पीए माझ्या दुकानात आला. हातात एका पानाचा कच्चा मजकूर. "खाली अंगठे देणाऱ्या आम्हा ग्रामस्थांची पूल बांधण्यास व पलीकडची पायवाट बंद करण्यास काही हरकत नाही." मी वाचलं. कुठली पायवाट आणि कुणाचे अंगठे, तेही कळलं; मामांच्या निवेदनावरचं माझं पान काढून तिथे हे टाचलं जाणार होतं. "मामांना माहीत आहे," पीए म्हणाला. माझा गाळा आमदाराच्या माणसाच्या मालकीचा. मी टाईप करून दिलं आणि मामांना विचारलं नाही.

पूल झाला. गाडी जाईल एवढा रुंद, आणि पलीकडच्या टोकाला फार्महाऊसच्या प्लॉटांचं लोखंडी गेट. वाडीची पायवाट गेटाच्या आत गेली. वाडीची माणसं आता पुलाखालून, पाण्यातून चालत येतात. हे लिहितानाही मला शिसारी येते.

गेटावर भांडायला गेलेल्यांना त्यांच्याच अंगठ्यांचा कागद दाखवला गेला. त्याची प्रत घेऊन मामा दुकानात आले. "दोन कॉप्या काड." मी मशीनचं झाकण उघडलं, तेवढ्यात शांतपणे म्हणाले, "ग्रामस्थांच्या खाली दुहेरी रेघ तूच मारतोस ना रं?" मी मान हलवली. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "कोरी पानं मीच दिली," ते म्हणाले. "वरनं वाल दिले."

त्यांनी माझ्याकडूनच तक्रार लिहून घेतली, या वेळी प्रत्येक पानावर विषय घालून. ती घेऊन वाडीत गेले. बुधीबाईने हात पदराआड घेतला. "मामा, तू आमचाच हायस. पन आंगठा नाय देनार." ते परत आले तेव्हा पिशवीतलं लिंबू अख्खंच होतं. मामांची सही मोठी वळणदार होती, पण माझ्या टेबलावर त्यांनी तक्रारीखाली अंगठा उठवला. मी फडकं पुढे केलं. "राऊ दे," म्हणाले. "कागद तुज्याकडं ठेव."

त्यानंतर ते दर बाजारच्या दिवशी दुकानात यायचे. एकदा वाल आणले, एकदा काकड्या. माझ्या आईच्या डोळ्यांची चौकशी केली, मुलीची शाळा विचारली. मागितलं काहीच नाही. मी खेपा मोजत होतो. अशा सहा झाल्या. सातवीला त्या तक्रारीवर माझी साक्ष मागतील हे मला ठाऊक होतं, आणि गाळ्याचं कारण पुढे करायचं असं मी ठरवूनही टाकलं होतं. त्या आठवड्यात मामा शेतावरच गेले. छातीत दुखलं म्हणून बांधावर बसले, ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पीए आला. बॅनरवर घालायला आमदारांचा शोकसंदेश टाईप करून हवा होता. मशीन बंद आहे, असं सांगून मी त्याला घालवलं. मशीन त्याच्यासमोर चालू होतं. एवढं धाडस मामा गेल्यावर आलं, याची मला त्या पीएपेक्षा जास्त किळस येते.

तो गेल्यावर मी खणातून मामांची तक्रार काढली. मामांच्या अंगठ्याखाली लिहिलं, "हरकत नसल्याचं ते पान मी टाईप केलं, अंगठे त्या पानासाठी दिलेले नव्हते." सही केली. मामा असतानाची मागची तारीख घालावी असं फार वाटलं. त्या दिवसाचीच घातली.