प्रमिलाचा काका

तोतारामला गावात कोणी वाईट म्हणत नसे. मीही म्हणत नाही. दोंडाईच्याच्या अलीकडे आमचं गाव, माझ्या आणि त्याच्या खळ्यात फक्त एक काटेरी कुंपण. माणूस कष्टाळू, तोंडाने गोड, मान कायम थोडी खाली. ती मान आधी मर्यादेने खाली होती, पुढे लाजेने. हा फरक सगळ्यांना दिसत होता, पण बोलणार कोण?

त्याचा थोरला भाऊ भाईदास फौजेत होता आणि एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. मागे बायको सुगंधाबाई आणि दीड वर्षाची प्रमिला. वर्षश्राद्ध झाल्यावर भावकीने बसून ठरवलं आणि सुगंधाबाईचा तोतारामशी पाट लावून दिला. आमच्याकडे यात नवल नाही. घरची सून घरात राहते, लेकराला आधार होतो. तोताराम तेव्हा विशीतला. वहिनी म्हणून जिच्या पाया पडला, तिचा नवरा झाला. बिचारा कितीतरी दिवस तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचा, आणि आम्ही दोस्त त्यावरून त्याची टर उडवायचो.

मग बेबी झाली. तोतारामची स्वतःची, एकुलती एक. प्रमिला तोतारामला काका म्हणायची, कारण तो तिचा काकाच होता. तिचं ऐकून बेबीही काका म्हणायला लागली. पाटाच्या घरांतून असं नेहमी होतं. धाकट्याची जीभ थोरल्याच्या मागे वळते. कोणी हसून म्हणालं, "अवं पोरी, तो तुना बाप शे!" की बेबी टाळ्या पिटून आणखी मोठ्याने काका काका करायची. तोतारामही हसायचा.

बेबीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिला घेऊन आजी गेली, धुरपदाबाई, भाईदास-तोतारामची आई. गुरुजींनी बापाचं नाव विचारलं. म्हातारी म्हणाली, "भाईदासनी लिखा. मना भाईदासनं नाव चालाले पाहिजे." गुरुजी नवे होते. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्यांनी लिहून टाकलं, आणि बाप गेल्यावर जन्मली असा हिशेब जुळवून तिचं वयही दीडेक वर्षाने वाढवलं. तोतारामला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मायनं मन मोडानं नही." इथपर्यंत कोणाचंच काही चुकलं नव्हतं. दुःखात माणूस वेडंवाकडं करतो, आणि देवही त्याला माफ करत असावा.

माफी नाही ती पुढच्याला.

प्रमिला सातवी झाली, गावच्या शाळेत पहिली आली. त्या उन्हाळ्यात दोंडाईच्याचा चिंधा हवालदार मुद्दाम आमच्या गावी आला. तोही फौजेतला, लढाईतून परत आलेला माणूस, एका हाताची बोटं गमावलेला. पारावर सगळ्यांदेखत तोतारामला म्हणाला, "लढाईम्हां कामी आयेलस्ना पोरेस्ले सरकार शिकाडस. फी नही, धुळाले ऱ्हावाखावानी सोय, पुस्तकं बी. पोरले धाड." प्रमिला लिंबाआड उभी राहून ऐकत होती. मी तिचा चेहरा पाहिला होता, म्हणून सांगतो.

तोताराम म्हणाला, "पोरनी जातले शिकाडीसन काय करनं शे? मिरची खुडाले हात लागतस."

चिंधा हवालदार उठून गेला. पुढे तो सुरतेला मुलाकडे राहायला गेला, पुन्हा आला नाही. प्रमिला पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठं खुडायला जाऊ लागली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, दोंडाईच्यातच. सासरीही तेच काम, तीच मिरची. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की ती ताकात बोटं बुडवून बसायची.

आणि त्याच वर्षी, शहाऐंशी साली, बेबी सातवी झाली. आता तोतारामला एकाएकी शिक्षणाचं महत्त्व पटलं! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शंभरदा ऐकली होती, पण माणसाच्या रूपात तेव्हा पाहिली. सुगंधाबाईला दोघी सारख्याच, दोघी तिच्याच पोटच्या. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "परमिलाना येळे तुले शेत दिसनं. आते शाळा दिसनी." सकाळी तोतारामने बेबीला नवी रिबीन बांधून एसटीत बसवलं. कचेरीत बोलायची सवय आहे म्हणून मलाही बरोबर घेतलं. बाप म्हणून भाईदासचं नाव असलेला शाळेचा दाखला पिशवीत होताच.

चिंधा हवालदाराने सांगितलेल्या धुळ्याच्या त्या वसतिगृहाचे अधीक्षक निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडचे, उमदा माणूस. आमच्या भागातले रीतिरिवाज त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी बेबीला जवळ बोलावलं आणि तोतारामकडे बोट करून विचारलं, "हे तुझे कोण, बाळ?"

बेबी म्हणाली, "काका."

पोर खोटं बोलली नाही. जन्मापासून जे म्हणत आली तेच म्हणाली. सुभेदारांनी उठून तोतारामच्या पाठीवर थाप मारली. "वा! भावामागे त्याची लेक सांभाळताय. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही सीमेवर निर्धास्त असतो."

तेव्हा एक शब्द पुरला असता. साहेब, ही माझी मुलगी, भावाची मुलगी दुसरी आहे. तोतारामचे ओठ हललेही. मग त्याने बेबीच्या नव्या रिबिनीकडे पाहिलं आणि तोंडात मूग धरले. मूग माझ्याही तोंडात होते.

बेबी तिथे राहिली. तोताराम महिन्याच्या एका रविवारी भाकरी, ठेचा घेऊन जायचा. फाटकातून कोणी ओरडायचं, "बेबी, तुझे काका आले!" पहिल्या वर्षी ती धावत यायची. पुढे तिला समज आली, तशी सावकाश यायला लागली. बाकीच्या मुलींत कोणाचा बाप खरोखरच लढाईत गेलेला, कोणाचा लंगडत भेटायला येणारा. त्यांच्यासमोर बापाला काका म्हणताना ती त्याच्याकडे बघत नसे. एकदा घरी परतल्यावर तोताराम कुंपणापाशी येऊन मला म्हणाला, "भाऊ, ती काका म्हनस तं कानम्हां मिरची पडस." मी म्हटलं, मग सांगून टाक. तर म्हणाला, "सांगं तं पोर घर येई." तेही खरंच होतं. बेबी शिकत होती, चांगली शिकत होती. खरं बोलावं तर तिची शाळा जाते, गप्प बसावं तर आपण चोर. आणि चोरी झाली ती प्रमिलाच्या हक्काची, हे तो मिरची तोलताना, जेवताना, प्रत्येक घासाला जाणत होता.

एकोणनव्वद साली बेबी दहावीत वसतिगृहात पहिली आली. सुभेदारांनी सत्कार ठरवला, आणि निरोप धाडला की वीराची सगळी लेकरं घेऊन या, त्याची थोरली लेकही. नाही कसं म्हणणार? सुगंधाबाई म्हणाली, "माले न्यू नको, मी तठे कोनी बायको म्हनीसन उभी राहू?" ती आली नाही. प्रमिला आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, लुगड्याला मिरचीचा खकाणा. मंडपात शेजारच्या बायका शिंकल्या तशी ती उठून एकटी कडेला जाऊन बसली.

भाईदासच्या फोटोला हार घातला. बेबीला पुस्तकं दिली. मग सुभेदारांनी तोतारामला वर बोलावून शाल पांघरली. भर जूनचं ऊन, आणि ती लोकरीची शाल! "आदर्श काका," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. तोताराम घामाने निथळत होता, आणि तो घाम उन्हाचा नव्हता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष प्रमिलाकडे गेलं. अगदी मायेने त्यांनी विचारलं, "तू का नाही शिकलीस, बाई? ही सवलत तुलाही होती. तुझ्या काकांनी धाकटीला आणलं, मग तुला कसं नाही आणलं?"

बेबीने हातातली पुस्तकं छातीशी धरली. तोतारामने डोळे मिटून घेतले. प्रमिलाने एक वाक्य खरं बोलायचा अवकाश होता. सातवीला पहिली आलेली ती पोर उभी राहिली आणि म्हणाली, "मनं डोकंच नव्हतं, सायेब. काका तं धाडत व्हता. मालेच शाळा गोड नही लागनी."

लोक हळहळले. सुभेदारही च्च च्च करत म्हणाले की संधी अशी घालवू नये. प्रमिलाने कडेवरच्या मुलीला पुढे केलं. "मनी पोरले भेटी का हाई सवलत?"

"नाही गं. सैनिकाच्या मुलांपुरतीच असते ती. नातवंडांना नाही."

"बरं," म्हणून ती खाली बसली. इतकी लाज मी कधी पाहिली नाही, तोतारामची आणि बेबीचीही. आणि माझीही, खोटं कशाला बोलू?

स्टँडवर दोंडाईच्याची गाडी लागायला वेळ होता. बेबी आम्हाला पोचवायला आली होती. ती एकाएकी रडायला लागली आणि तोतारामचा हात धरून म्हणाली, "आठे कोनी नही. आठे तरी आबा म्हनू का तुले?"

आमच्याकडे बापाला आबा म्हणतात; या एका शब्दासाठी हा माणूस तीन वर्षं झुरला होता. पण त्याने हात सोडवून घेतला. "नको म्हनू, बेटा. आबा म्हनी लेवाले माले तोंड नही ऱ्हायनं. काकाच म्हन."

प्रमिला बाकावर मुलीला दूध पाजत होती. तिने मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. "काका तं तू मना शे," ती म्हणाली. "बापनं नाव तिले दिधं. काका बी तिलेच दी टाका. मंग माले कोन?"

कंडक्टरने दोंडाईचा, दोंडाईचा असा पुकारा केला. गाडी जवळजवळ रिकामी होती. तोतारामने प्रमिलाची पिशवी उचलून वर ठेवली, तिला खिडकीची जागा दिली. मी त्याला माझ्याजवळ बस म्हटलं. तो बसला नाही. ती शाल बगलेत दाबून प्रमिलाच्या बाकाशेजारी दांडा धरून तो थेट दोंडाईच्यापर्यंत उभाच राहिला.