तिवाट्यावरचं ताट

अर्जुना आप्पा जेवायला बसतात तेव्हा भाकरीचा पहिला तुकडा चुलीत टाकतात. शेवटचाही चुलीतच जातो. मधलं सगळं जेवण एकट्याचं. घरात गॅस आहे, पण परसातली चूल त्यांनी मोडू दिलेली नाही.

मी सांगलीचा. जन्म नाटकात गेला, राजा झालो, भिकारी झालो, आता पुतण्याच्या घरी विट्याजवळच्या या गावात राहतो. नाटकवाला म्हणून इथं सगळे मला मास्तर म्हणतात. पुतण्या आणि सून दिवसभर कामावर असतात. समोर कुणी ऐकणारं नसलं की माझा जीव घुसमटतो, म्हणून आल्या आल्याच मी शेजारच्या आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलो. बघतो तर बोलायला माझ्यापेक्षा तेच आसुसलेले.

आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. आप्पा पोरवयात गलाईच्या धंद्यात शिरले आणि मदुराईला गेले. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं, हे काम. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. शेजारी जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. तिथून त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञांची इंग्रजी पुस्तकं आणली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं वाचली. देव पुष्कळ आहेत, सगळे चांगले आहेत आणि कुठलाच देव रागावत नाही, हे त्यांना त्यात सापडलं. लहानपणी बिरोबाच्या कोपाला घाबरून वाढलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल! या देवांची आजही पूजा करणारी माणसं जगात आहेत, ती त्यांना फोनवर भेटली. कुणी अथेन्सचं, कुणी ब्राझीलचं. बिरोबाला न हलवता आप्पांनी गावच्या घरात चुलीपाशी हेस्तियाचा दिवा लावला. ती चुलीचीच देवी.

तेव्हा त्यांच्या पत्नी तानुबाई म्हणाल्या होत्या, "एवढं देव हायती घरात, आनखी एक. निवद काय येगळा लागतोय का तिला?"

संपलं. गावानंही तेवढंच मनावर घेतलं. कुणी विरोध केला नाही आणि कुणी काही विचारलंही नाही.

मग तानुबाई गेल्या. दुकान मुलगा रविराज बघू लागला आणि आप्पा कायमचे गावी आले. तेव्हापासून ते दर अमावास्येला चूल झाडून पुसून हेकाटी नावाच्या ग्रीक देवीसाठी एक ताट तिवाट्यावर ठेवतात. ही देवी वाटांवरून मेलेल्यांना सोबत करत फिरते. त्या ताटातलं घरच्या माणसानं खायचं नाही, ठेवून निघाल्यावर मागं बघायचं नाही.

"तिच्या संगं तानू बी आसंल," आप्पा एकदा म्हणाले. "तिच्या हातची भाकरी लय खाल्ली. आता माझ्या हातची तिला."

ते ताट शेतातल्या तिवाट्यावर जायचं. पण एका अमावास्येला आप्पांचे गुडघे फार दुखत होते. त्यांनी ते गल्लीच्या तिवाट्यावर, समोर राहणाऱ्या बनुबाईंच्या दारापुढं ठेवलं.

बनुबाईंनी पाहिलं ते असं: दिवस मावळताना भाकरी, उकडलेलं अंडं, लसूण, आणि मागं न बघता जाणारा माणूस. आमच्याकडं याचा एकच अर्थ, कुणाची तरी पीडा उतरून आपल्या दारात टाकली. त्यात त्यांची नात मयूरी तापानं फणफणलेली. त्यांना मी चूक म्हणणार नाही. तापलेलं पोर खांद्यावर असताना कुणाला एवढा विचार सुचतो?

गल्ली गोळा झाली. बनुबाईंनी आप्पांना माघारी बोलावलं.

"आवं आप्पा, आमी काय वाईट केलंय तुमचं?"

"बनुबाई, पोरीला दवाखान्यात न्ह्या."

"न्हेलं हुतं. आवषद चालू हाय. ह्यो उतारा कुनाचा, त्ये सांगा."

"उतारा न्हवं. देवीचं जेवान हाय."

"कंच्या देवीचं?"

"हेकाटीचं."

"आप्पा, ही बी मदुराईस्नं आनली व्हय?" गर्दीतला गुंडा नावाचा एक जण म्हणाला. माणसं हसली. बनुबाई हसल्या नाहीत.

"देवीचं हाय न्हवं? मग निवद झाला. निवद खात्यात. खावा की."

मी पुढं सरसावलो. "मी खातो."

"तुमी गप बसा मास्तर. हितं नाटक न्हाई चालल्यालं. ज्यानं ठेवलंय त्यानं खायाचं."

आप्पांनी ताटाकडं पाहिलं, मग मयूरीकडं. पोरगी डोळे अर्धे मिटून आजीच्या खांद्यावर पडली होती. आप्पा गुडघ्यावर हात देत तिथंच रस्त्यात बसले. भाकरी खाल्ली, अंडं खाल्लं, लसणाच्या पाकळ्याही एकेक चावून खाल्ल्या. शेवटचा घास गेल्यावर बनुबाईंनी सुनेला हाक मारली, "आप्पास्नी पानी आन गं." आप्पा पाणी प्याले. माणसं पांगली.

मी त्यांना हात देऊन घरी आणलं. ओट्यावर टेकवलं. मी म्हणालो, "आप्पा, देवी रागावली तर नसेल?"

"देव रागवत न्हाईत, मास्तर."

"मग बरं झालं की."

"काय बरं झालं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रागावली आसती, तर कुनीतरी हाय म्हनलं आसतं. तानू रागवायची. कालवनात मीठ जास्त झालंय म्हनलं, तर दोन दोन दिस बोलायची न्हाई. पर घरात हाय, ह्ये कळायचं."



मयूरी औषधानं बरी झाली. बनुबाई आप्पांशी नीट बोलतात, ताकही पाठवतात. पुढच्या अमावास्येला आप्पांनी पुन्हा ताट वाढलं आणि शेताच्या वाटेला लागले. मी सोबत येतो म्हणालो. "नगं," म्हणाले. ताट दोन्ही हातांत असल्यामुळे गुडघ्याला आधार देता येत नव्हता. चार पावलं टाकायचे, थांबायचे. ते वळणाआड होईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. समोर बनुबाईही दारात उभ्या होत्या. त्यांनी मयूरीला आत घेतलं आणि दार लोटलं.