रेतीवरची शर्यत आणि बाबांचा उपास

"मॅडम, पण रविवारी तर चौथ आहे."

बनारसच्या मुन्शी घाटावरून आमची नाव नुकतीच सुटली होती. थंडीत गंगेचं पाणी उतरलं की पलीकडे मैलभर रेती उघडी पडते. आमच्या रनिंग क्लबची क्रॉस-कंट्रीची प्रॅक्टिस तिथेच. रविवारच्या शर्यतीआधीची ही शेवटची. वैदेही लेस बांधता बांधता बोलली आणि नावेतल्या बाकीच्या तिघींनी माझ्याकडे बघितलं.

"चौथ पुढच्या महिन्यात आहे," मी म्हणाले. "तू माघातली म्हणालीस. मी कॅलेंडर बघूनच तुझं नाव दिलंय."

"माघच तर चालू आहे! कुठलं कॅलेंडर बघितलंत?"

भाऊ दरवर्षी गावाहून पाठवतो ते. मराठी. त्यात अजून पौष होता. आपल्याकडे महिना अमावास्येनंतर बदलतो, इकडे पौर्णिमेनंतर. त्यामुळे वद्य पक्षातला एकच दिवस बनारसमध्ये माघातला असतो आणि सोलापुरात पौषातला. इतकी वर्षं इथे नोकरी करते, हे मला ठाऊक होतं. फक्त कधी नडलं नव्हतं.

मी अॅथलेटिक्सची कोच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे डिप्लोमाला शिकलेलं मी कुणासाठी सोडत नाही.

क्रॉस-कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माती, रेती, चढ-उतारावरून पळणं. टीममधल्या पहिल्या चौघींचे नंबर मिळवायचे. ज्यांची बेरीज कमी, ती टीम पुढे. चौथी पोचलीच नाही तर पहिल्या तिघींचं पळणं फुकट. आम्ही सहा नावं दिली होती. एकीचा घोटा मुरगळला, एकीला कांजिण्या आल्या. उरल्या चार. नावं बदलायची मुदत संपली होती. आणि बायकांची टीम राज्य स्पर्धेला जाण्याची क्लबला पहिल्यांदाच आशा होती.

वैदेही शाळेत गणित शिकवते. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी पुरोहिताच्या घरातली सून. मुलगा तान्हा असताना न्यूमोनियाने हातचा जात होता. तो वाचला, तेव्हापासून ती शेजारणींसारखी मुलासाठी ही चौथ धरते. आपल्या संकष्टीसारखी साबुदाण्याची नव्हे. सूर्य उगवल्यापासून चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

"मी पळते ना," ती म्हणाली. "फक्त पाणी नाही घेणार."

"मग पळायचं नाही."

"सकाळचीच तर रेस आहे!"

"प्रश्न रेसचा नाही, रेसनंतरचा आहे. एवढा घाम गाळून रात्रीपर्यंत कोरडी राहिलीस, तर सलाइन लावायची वेळ येईल. मी तुला स्टार्ट लाइनवर उभीच करणार नाही."

"आणि या तिघी?"

मी उठून उतरायला लागले. नाव रेतीला लागली होती.

संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. "अरे मैडम, हमारे यहाँ औरतें इसी व्रत में पूरा घर चलाती हैं. दौड़ भी लेगी."

"घर चलाती हैं, इसीलिए कोई उनका बीपी नहीं देखता," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वैदेहीच्या घरी गेले. व्रत मोड म्हणायला नव्हे. तिने ते का धरलंय ते मला कळत होतं. तिचं नाव मी मागे घेतेय, दोष तिचा नाही, एवढं घरच्यांसमोर सांगायचं होतं. सासूबाई वाती वळत होत्या. सासरे, ज्यांना अख्खी गल्ली बाबा म्हणते, दशाश्वमेधावरून यजमानांची पूजा उरकून आले होते. समोर कचोरीचा द्रोण.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्यात बदली चालत नाही?"

"आता नाही. मुदत संपली."

"आमच्यात चालते."

"म्हणजे?"

"व्रत करणारा अडला तर घरातल्या कुणी त्याच्या जागी उपास धरावा. फळ ज्याचं त्यालाच. शास्त्रात सोय आहे."

वैदेहीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझी चौथ माझ्या लेकासाठी असते गं. एका पोटी दोन कशा धरू?" तो लेक, म्हणजे वैदेहीचा नवरा, बँकेच्या बदलीवर लखनौला.

"मी आहे की," बाबा म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली वात सुटली. "तुम्ही? निर्जल? एकादशीला रबडी हुडकत फिरणारे तुम्ही?"

"एकादशी देवासाठी असते. देव समजून घेतो," बाबा म्हणाले. "ही नातवासाठी आहे."

"बाबा, हा आयांचा उपास आहे," वैदेही हळूच म्हणाली.

"ते पोर दवाखान्यात होतं, तेव्हा तू आत होतीस. बाहेर बाकावर मी होतो. मलाही काहीतरी करायचं राहिलंय."

वैदेहीने पदराने द्रोणाखालची जागा पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

रविवारी धुकं इतकं, की रेतीवरचे झेंडे जवळ गेल्यावरच दिसत. वैदेही पहाटे पोहे खाऊन, पाणी पिऊन आली होती. बंदूक वाजली. आमच्या तिघी एकामागून एक आल्या. चौथीचा पत्ता नव्हता. मी धुक्यात डोळे ताणून उभी. शेजारी बाबा, कानाला गमछा बांधलेला, हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या.

"येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल." कोचने असंच म्हणायचं असतं.

आली. रेतीत पाय ओढत, पण पळत. फिनिश लाइनच्या पुढे येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. बाबांनी तांब्या पुढे केला. तिने धरला, पण तोंडाला लावेना. थंडीने त्यांच्या कोरड्या ओठांवर पापुद्रे आले होते.

"पी," बाबा म्हणाले. "आज तुझी चौथ माझ्याकडे आहे."

ती प्यायली. सगळा तांब्या. बाबा तेवढा वेळ नदीकडे बघत राहिले.

आमची टीम तिसरी आली. पुढे तीनच टीम जाणार होत्या.

रात्री वैदेहीचा फोन आला. धुक्यात चंद्र दिसेना. पंचांगातली वेळ झाली, आता अर्घ्य द्या, असं सगळे सांगत होते. बाबा म्हणाले, दिसल्याशिवाय नाही. अखेर दिसला. स्वतःचं व्रत सोडायच्या आधी सासूबाईंनी पहिला घोट बाबांना पाजला.

डिप्लोमाला आम्हाला हायड्रेशनवर अख्खा चॅप्टर होता. पंचांगावर एक ओळ नव्हती. आता माझ्या टेबलासमोर दोन कॅलेंडरं लटकतात, एक गावचं, एक इथलं. कुणाचंही नाव देण्याआधी दोन्ही बघते. तरी बाबांनी बजावून ठेवलंय: पुन्हा त्या दिवशी शर्यत आली, तर आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे रात्री पोटभर जेवून घेता येईल.