वाढत्या अंगाला

"वाढत्या अंगाला लागतं," म्हणत ती ताटलीत आणखी एक वडा टाकायची आणि मूल नको म्हणायच्या आत पुढच्याकडे वळायची. साताऱ्यात मी ज्या शाळेत पाचवीला शिकवते, तिथलं कॅन्टीन ती चालवायची. आम्ही शिक्षकही तिला मावशीच म्हणायचो.

अशी वाढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोरच्याचं ताट भरलं की यांचं पोट भरतं. मावशी पाटणकडच्या डोंगरातली. लहानपणी नाचणीची एक भाकरी भावंडांत मोडून खायचे, हे ती एकदाच बोलली, तेही हसत. त्यामुळे किडकिडीत पोर दिसलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. घरून पोळीभाजी आणणाऱ्यांची तर तिला कीव यायची. त्यांच्या डब्यात ती हळूच नूडल्स सोडायची.

तिची नात सई माझ्याच वर्गात होती. आई एमआयडीसीत कामाला, म्हणून सईचं दुपारचं खाणं आजीजवळ, कॅन्टीनमध्येच. गोल चेहऱ्याची, हसरी पोर. जिना चढून आली की बाकावर टेकून कितीतरी वेळ धापा टाकायची.

एकदा मावशीने मला बाजूला घेतलं. सईची मान काळी पडली होती आणि काही केल्या निघत नव्हती. बेसन लावून झालं, लिंबू चोळून झालं, शेवटी नारळाच्या शेंडीने घासलं. पोर रडायला लागली तेव्हा हात थांबला. मी मान पाहिली. घडीत मखमलीसारखा काळा पट्टा आणि त्यावर लाल ओरखडे. मला काही तो मळ वाटेना. डॉक्टरांना दाखवू म्हटलं आणि सोबत गेले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पोर दुपारी काय खाते? मावशीने कौतुकाने सगळं सांगितलं: वडापाव, नूडल्स, वर गोड सरबत. सांगता सांगता बाईंचा चेहरा पाहून तिचा आवाज बारीक होत गेला. रक्त तपासलं. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. मानेचा काळेपणा आतून आलेला होता. आत्ताच आवरलं तर मागे फिरेल, असं त्यांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर मावशी टेकली. मग म्हणाली, "बाई, म्या माझ्या हातानं घातलं तिला." आणि थोड्या वेळाने, "आन् बाकीच्या पोरांचं वो?"

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेतल्या मुलांच्या माना बघू लागली. चिमटा वड्यावर आणि नजर कॉलरच्या आत. एखाद्या मुलाशी येऊन थबकायची. मागची मुलं कुरकुरायची, तरी तिचा हात पुढे होत नसे. सुट्टी संपली की माझ्याकडे येऊन कुजबुजायची, "सातवीतल्या त्या पोराचीबी तशीच हाय." रात्री सई घोरत झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून बसते, असंही तिने मला सांगितलं.

मग तिने कढई बंद केली. उसळ, थालीपीठ, काकडी ठेवू लागली. मुलं नाकं मुरडून फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाड्यांवर जाऊ लागली. पालकांच्या तक्रारी आल्या, मूल उपाशी राहतं म्हणून. पहिल्यासारखं चालवा नाहीतर सोडा, असं संस्थेने सांगितलं. तिने सोडलं. पुढे लेकीला, म्हणजे सईच्या आईला, सांगलीत काम मिळालं आणि तिघी तिकडे गेल्या. आता कॅन्टीन दुसऱ्याकडे आहे. रांग तेवढीच असते.

गेल्या सुट्टीत एका लग्नासाठी सांगलीला गेले, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. सई ओळखू येईना. अंगाने हलकी झाली होती. मला बघून जिना धावत उतरली. मानेवरचा पट्टा फिकट झाला होता. रक्तातली साखर उतरली, लेक सांगत होती. मला फार बरं वाटलं. पिशवीतला पेरू काढून मी सईला दिला.

तिने तो फ्रॉकला पुसला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. आजीकडे बघून तिने हळूच विचारलं, "आजी, ह्यानं मला काय हुणार न्हाई ना?"

साधा पेरू होता. मावशीला 'काही होत नाही' म्हणायचं होतं, मला दिसत होतं. पण तिची नजर आधी सईच्या मानेकडे गेली. तोवर सईने पेरू माझ्या पिशवीवर परत ठेवला होता.