देखरेख कोणाची?

दिनानाथकाका चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. रेल्वेतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, चहा बिनसाखरेचा. माझी नोकरी या माणसाने वाचवली, हे आधी सांगून टाकतो.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मी पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होतो. २००४ साली कंपनीने मला सुपरवायझर केलं, व्हिजिटिंग कार्डं छापून दिली. मशीन तेच, पत्रा तोच, पण मी जमिनीच्या दोन बोटं वर चालायला लागलो. लग्न ठरताना ऊर्मीच्या वडिलांना ठोकून दिलं, की माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. दोन वर्षांनी कंपनीने एका पत्रावर मला घरी बसवलं. कामगार असतो तर कायद्याने दाद मागता आली असती. मी पडलो अधिकारी.

काकांनी कार्ड पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "अरे हेरंब, कायदा हुद्दा विचारत नाही, काम विचारतो. रेल्वेत आम्ही ड्युटी लिस्ट बघायचो. दिवसभरात काय करायचास, तासातासाचं लिही."

मी झोकात लिहिलं: देखरेख.

"कोणाची? कोणाची रजा मंजूर केलीस? कोणाला काम वाटून दिलंस?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. परत लिही."

चार वेळा लिहायला लावलं. मला असा राग आला होता की कागद फाडावासा वाटला. चौथ्या कागदावर एवढंच उरलं: आठ तास प्रेस.

तक्रारीच्या सुनावणीला सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे काका माझ्याबरोबर आले. नको म्हटलं तरी ऊर्मीही आली. कंपनीच्या माणसाने माझंच कार्ड टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी तमिळमध्ये विचारलं, हाताखाली किती माणसं? मी ऊर्मीकडे पाहिलं. काकांनी पाठीवर हात ठेवला.

"एकही नाही," मी तमिळमध्येच म्हणालो आणि तो कागद पुढे केला.

पुढच्या तारखेला कंपनीने तडजोड करून मला परत कामावर घेतलं. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

पण त्या पहिल्या दिवशी बाहेर आल्यावरच मी ऊर्मीला म्हणालो, "तुला तमिळ कळलं नसेल. ती बारा माणसं खोटी होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं तुझ्या शर्टाचं ग्रीस मीच घासतेय ना."