छत्रीवालीवर गोष्ट हवी आहे

हूवेई गावातल्या दातांच्या दवाखान्यात दुपारी दिवे मालवले की डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपायला जातात आणि लियाओ पेई-रू काउंटरमागे घडीची खाट उलगडून आडवी होते. आडवी होते इतकंच म्हणायचं. डोळा लागायच्या आत फोन थरथरतो, आणि पलीकडे कोणीतरी रडत असतं. पेशंटांचं रडणं तिला समजतं. दाढ ठणकते, माणूस रडतो. पण ज्यांच्या बत्तीसच्या बत्तीस दाता-दाढा शाबूत आहेत अशी धडधाकट माणसं एका लाकडी डोक्याच्या बाहुल्यावरून तिच्या कानाशी गळा काढतात, तेव्हा तिला फोन गुळण्यांच्या बेसिनमध्ये बुडवावासा वाटतो. आणि तरीही थंडीची चाहूल लागली की हीच बाई, कोणी न सांगता, ग्रुपवर लिहिते, "चला, यंदाच्या भेटींसाठी नावं द्या."

'नऊ घाटांची तलवार' ही हातबाहुल्यांची मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा पेई-रू शाळेत होती. ती बंद पडून जमाना झाला. बाहुल्या कुठल्या गोदामात पडल्यात ते मालिकावाल्यांनाही ठाऊक नसेल. पण डझनभर वेडी माणसं अजून त्यांना सोडायला तयार नाहीत. पुढे काय झालं असेल, मधे काय राहून गेलं, यावर ती स्वतः गोष्टी लिहितात आणि दर हिवाळ्यात एकमेकांना भेट देतात. कोणाला काय हवं आणि कोण काय लिहू शकेल हे विचारून पेई-रू जोड्या लावते. आपल्यासाठी कोण लिहितंय ते तिच्याखेरीज कोणालाच माहीत नसतं. हिवाळ्यातल्या सर्वांत छोट्या दिवशी, घरोघरी तांदळाचे गोड गोळे शिजत असतात तेव्हा, सगळ्या गोष्टी ग्रुपच्या साइटवर एकदम उघडतात. आठवड्यानं लेखकांची नावं उघडतात. ऐकायला किती गोड वाटतं! करून बघा म्हणावं एकदा.

शिन्चूचा फांग घ्या. इंजिनियर माणूस. काय हवं हे त्यानं आजवर कधी लिहिलेलं नाही. काय नको ते मात्र पानभर. मृत्यू नको, लग्न नको, लहान मुलं नकोत, स्वप्नात घडलेलं नको, आणि शेवट सुखाचा तर मुळीच नको. शिवाय याच फांगनं एका वर्षी दोन नावांनी भाग घेतला, स्वतःच स्वतःला गोष्ट लिहिली आणि खाली "डोळ्यांत पाणी आलं, लेखकाचे हात चुंबावेत" असा अभिप्रायही दिला. पेई-रूनं त्याला वर्षभर बाहेर बसवलं आणि नियम केला, स्वतःला भेट द्यायची नाही.

पेइकांगच्या च्वांग मावशींची तऱ्हा निराळी. देवळासमोर त्यांचं शेंगदाण्याच्या चिक्कीचं दुकान. हात कायम गुळात, म्हणून त्या गोष्ट फोनला तोंडी सांगतात आणि फोन लिहून घेतो. त्यामुळे त्यांची गोष्ट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य असतं, मधे मधे "पाव किलो देऊ का?" असं गिऱ्हाइकाशी बोललेलंही आलेलं असतं. ते वेचून काढायचं काम पेई-रूचं.

आणि दरवर्षी कोणीतरी ऐन वेळी हात वर करतं. मग पेई-रू ग्रुपवर लिहिते, "अमक्यासाठी बदली लेखक हवा." कोणी पुढे आलं नाही की ती दारोदार फिरल्यासारखी एकेकाला फोन करते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर जो तिच्यासाठी लिहीत असतो त्याला हळूच सांगते, "माझं राहू दे, तू त्याचं लिही." असं करत करत कितीतरी हिवाळे तिच्या नावावर एकही गोष्ट आली नव्हती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि याचाच तिला खरा राग होता. दुसऱ्यांच्या गोष्टींवर शंभर सूचना देणाऱ्या या मंडळींपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही, की ताई, तुला काय मिळालं?

यंदा मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं, काय वाटेल ते होवो, माझी गोष्ट मी सोडणार नाही. मागणीही साधीच होती. एका भागात नायक शिशिरखड्ग छपरावरून उडी मारतो तो थेट एका बाईच्या छत्र्यांच्या दुकानावर. सगळ्या छत्र्यांचा चुराडा. तो मागे वळूनही बघत नाही, जग वाचवायला निघून जातो. ती छत्रीवाली भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून ओरडते, "डोळे काय ढुंगणाला लावलेत का रं मुडद्या!" बस्स, एवढंच तिचं काम. भाताचा वाडगा हातात घेऊन बघणारी छोटी पेई-रू त्या दिवसापासून तिची झाली. जग वाचवणाऱ्याला कोणीतरी सुनावायला हवंच होतं. तिला फक्त एवढं हवं होतं, की त्यानं परत यावं आणि तिची माफी मागावी. दोन पानं पुरे होती.

'कोणावरही लिहीन' असं म्हणणारी एकच होती, तैपेईची काओ ई-श्वान. ग्रुपवर ती 'अर्धी झोप' या नावानं वावरते, आणि नावाला जागते. पेई-रूनं देवाचं नाव घेऊन तिची जोडी स्वतःशी लावली.

शेवटच्या तारखेला दुपारी फोन थरथरला.

"ताई, रागावू नकोस हं," अर्धी झोप म्हणाली. "माझ्या मांजरीला बरं नाहीये."

"मांजर गोष्ट लिहिणार होती का?"

"तसं नाही गं. मनच लागत नाहीये. आणि खरं सांगू? ती छत्रीवाली आहे तरी कोण? मला आठवतही नाही. असली फालतू मागणी कोण करतं?"

कोणासाठी लिहायचं हे जोडी लावताना आलेल्या निरोपात स्वच्छ लिहिलेलं होतं. तेही या पोरीनं वाचलं नव्हतं.

"करतं कोणीतरी," पेई-रू म्हणाली. "मांजरीला सांभाळ."

तिनं फोन ठेवला आणि सवयीनं ग्रुपवर लिहायला घेतलं: 'बदली लेखक हवा. विषय छत्रीवाली. भेट कोणासाठी:' इथवर बोटं भराभर चालली. पुढे स्वतःचं नाव टाकायचं तर हात जड झाला. दुसऱ्यांसाठी झोळी पसरताना तिला कधी लाज वाटली नव्हती. पण 'मला द्या' हे तीन-चार वेळा लिहून तिनं पुसलं. कोणीच पुढे आलं नाही तर? फांगनं 'नको'ची यादी सुरू केली तर? त्यापेक्षा नकोच ते. बरं, एरवी ती यादीतून आपलं नाव आधीच काढून टाकायची; यंदा ते तसंच होतं, आणि गोष्ट नसती तर तिच्या नावापुढची रिकामी जागा सगळ्यांना दिसली असती, ते त्याहून वाईट. शेवटी तिनं तारीख दोन दिवस पुढे ढकलली आणि दोन दुपारी खाटेवर पालथं पडून, जिवाचा संताप करत, स्वतःच गोष्ट लिहून टाकली. स्वतःचा नियम मोडताना तिला फांगचं तोंड दिसत होतं, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

भेटी उघडल्या आणि भलतंच झालं. सगळ्यांना आवडली ती छत्रीवालीचीच गोष्ट. च्वांग मावशींनी आवाजी निरोप धाडला, "कोणी लिहिलीय गं? काय शिव्या देते ती बया! माझं गिऱ्हाईक ताटकळलं, पण मी वाचून संपवली." फांगनं लिहिलं, शेवट सुखाचा नाही म्हणून उत्तम.

आता ज्याला भेट मिळते त्यानं आभार मानायचे, हाही पेई-रूचाच दंडक. न मानणाऱ्यांना तिनं आजवर फाडून खाल्लं होतं. तेव्हा मुकाट्यानं तिनं लिहिलं, "आभारी आहे. बरी जमली आहे."

लगेच अर्धी झोप धावून आली. "ताई, हे काय? कोणीतरी माझ्या बदली जीव ओतून लिहिलंय आणि तू 'बरी' म्हणतेस? शोभतं का तुला?"

"खरंच," फांग म्हणाला. "लेखकाला काय वाटेल?"

लेखकाला काय वाटत होतं ते लेखकालाच माहीत. पेई-रूनं दात-ओठ खात पुन्हा लिहिलं, "अप्रतिम. लेखकाचे उपकार फेडता येणार नाहीत." तिच्या हातून याहून लाजिरवाणं वाक्य आजवर उतरलं नव्हतं.

आठवड्यानं ठरल्या वेळी साइटनं आपोआप नावं उघडली. एकाचं नाव झाकायचं तर सगळ्यांचीच झाकावी लागतात, आणि तेवढं तिच्यानं झालं नाही. तिनं फोन उपडा करून ठेवला. सुलटा केला तेव्हा फांगचं एकच वाक्य होतं, "मला वर्षभर बाहेर बसवलं होतं ना?" त्याखाली अर्धी झोपनं विचारलं होतं, "ताई, म्हणजे माझ्या बदली तूच लिहिलंस?" एरवी बाहुल्याच्या भुवईवर तासन्‌तास भांडणारी माणसं, आणि आता सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. पेई-रूला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला.

"तोंड उघडायला तुझे दात दुखत होते का?" च्वांग मावशी.

"मावशी, समोर पेशंट आहेत." समोर खरंच एक माणूस सुजलेला गाल धरून बसला होता.

"असू देत की. माझी गोष्ट कधीच लिहून झाली होती. नुसती चिक्क्या कापत बसले होते मी. एक शब्द टाकला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून—"

"त्रास? फांगसाठी माझ्या मागे लागलीस तेव्हा नव्हता त्रास? त्या झोपाळू पोरीसाठी लागलीस तेव्हा? म्हणजे आम्ही जन्मभर तुझं घेत राहायचं, आणि तुला काही द्यायची आमची लायकी नाही. असंच ना?"

पेई-रूनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. आपण मागे राहतो, दुसऱ्यांना पुढे करतो, असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. समोरच्याला ते तोंडावर दार लावल्यासारखं दिसत असेल, हे कधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि एक सांग," मावशींचा आवाज जरा उतरला. "मागणीत तू लिहिलंयस, त्यानं माफी मागावी. गोष्टीत तर तो मागतच नाही. येतो, छत्र्या दुरुस्त करतो, मान खाली घालून निघून जातो. का गं?"

"लिहून बघितली, मावशी. खूपदा." पेई-रूनं पेशंटाकडे पाठ केली. "खोटी वाटायची. माझी माफी मीच कशी मागणार?"

पलीकडे चिक्की कापायचा सुरा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग मागून घे की आमच्याकडून. ग्रुपवर टाक. तुझ्या नावानं."

"टाकते संध्याकाळी."

"आत्ता. मी फोन धरून बसलेय."

पेई-रूनं रिसीव्हर खांद्यात दाबला आणि मोबाइल हातात घेतला. 'बदली लेखक हवा. विषय छत्रीवाली. भेट कोणासाठी:' तिचे कान तापले. सुजलेल्या गालाचा माणूस कण्हला. तिनं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, आणि पुसायच्या आत पाठवून टाकलं.

"टाकलंस?"

"टाकलं."

"मग ठेव फोन," च्वांग मावशी खेकसल्या. "मला काम आहे."