घडीतली ओटी

कस्टमच्या साहेबाला आपल्या मालातलं ओ की ठो कळत नाही असं धरून चालायचं आणि मग लिहायचं, हे मला नागपूरच्या आमच्या एजंटनं शिकवलं. परदेशी जाणारा माल कस्टममधून सोडवून द्यायचं काम तो करतो. तोंडाचा भारी फटकळ माणूस. सुरुवातीला मी ओढण्या पाठवायचे. पहिल्याच खोक्यावर मी ‘कापड’ एवढंच लिहिलं, तर फोनवर म्हणाला, “मॅडम, कापड म्हणजे काय? पोतंही कापडच असते. त्या साहेबाले डोळे मिटून समजलं पाहिजे असं लिहा ना.”

राग आला मला, पण बोलणं खरं होतं. मग मी शिकले. कशाचा धागा, यंत्रावर विणलं की हातमागावर, शिवलेलं की न शिवलेलं, नवं की वापरलेलं, कशासाठी, किती नग, किती वजन. लिहून झालं की वाटायचं, बापा, किती कोरडं हे! पण खोकी कुठं अडत नव्हती.

मी राहते भंडाऱ्याला. माहेर पवनीचं, कोष्ट्याच्या घरचं. आमच्या घरातले माग एकेक करून बंद पडले, एकट्या माझ्या काकूचा तेवढा चालू आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकूचं विणकाम मी बाहेर विकते, आणि मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानदार बाईनं पहिल्यांदाच कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांची मोठी ऑर्डर दिली. दिवाळीपासून होळीपर्यंत काकू मागाच्या खड्ड्यातून उठली म्हणून नाही. माल नीट पोचला तर दर वर्षी घेईन, असं त्या बाईनं सांगितलं होतं. इकडे काकूच्या मुलाला मागाच्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. तो म्हणाला, “हा माल खपला तर माग राहू दे. नाही तर मी काढून टाकतो.” म्हणजे सगळं त्या एका खोक्यावर येऊन ठेपलं होतं.

वर्णन मी झकास लिहिलं. हातमागावर विणलेल्या साड्या, शंभर टक्के टसर रेशीम, न शिवलेल्या, नव्या, विक्रीसाठी, आत दुसरं काही नाही. साड्या काकूच घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून देते. तिची घडी कोणी मोडलेली तिला खपत नाही, म्हणून मी पिशव्या मोजल्या आणि खोक्यात लावल्या.

पंधरवड्यानं एजंटचा फोन आला.

“मॅडम, साड्यांमध्ये काय भरून पाठवलं तुम्ही?”

“काय भरून म्हणजे? साड्याच आहेत.”

“तिकडच्या एक्स-रेमध्ये प्रत्येक घडीत एक पुरचुंडी दिसून राहिली. उघडली, तर तांदूळ, हळकुंड, सुपारी. मले खरं सांगा, काय झेंगट आहे हे?”

ऑस्ट्रेलियात बाहेरचं धान्य, बी-बियाणं न सांगता नेलं की कीड येईल म्हणून माल अडवतात. आमचंही खोकं अडवलं होतं. त्यांनी विचारलं होतं, हे काय आहे, कशासाठी आहे, आधी का सांगितलं नाही? आणि पुढचे रस्ते तीनच होते. सगळा माल नष्ट करायचा, नाही तर परत आणायचा, नाही तर फक्त पुरचुंड्या काढून जाळायला लेखी परवानगी द्यायची. मुदतीत उत्तर गेलं नाही तर सगळंच नष्ट. हे कोणाचं काम, ते मला सांगायला नको होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गाडी काढली आणि पवनी गाठली.

काकू मागावरच होती.

“काकू, साड्यांत तांदूळ काहून भरले तू?”

“साडी रिकामी देतात काय कोणी?” तिचे हात थांबले नाहीत. “ओढण्यांत नाही ठेवले. साडी आहे म्हणून ठेवले.”

“अवं, मले सांगायचं तरी! मी तिकडं छातीठोक लिहून दिलं, आत दुसरं काही नाही म्हणून. आता अडवला ना माल!”

आता तिचे हात थांबले. “जाळतील काय माझ्या साड्या?”

मी तिला तिन्ही रस्ते समजावून सांगितले. साड्या तिच्या, तेव्हा ‘हो’ तिनंच म्हणायचं होतं. नुसती पुरचुंडी जाळू दिली तर साड्या सुटतील, म्हटलं.

“ओटी जाळतील?”

“नाही तर काय पूजा करतील? दुकानात चाललेला माल आहे तो, लेकीची पाठवणी नाही. तुले कोणी सांगितलं होतं ओट्या भराले?”

काकू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली, खालून वर माझ्याकडे पाहत होती.

“मले कोण बोलावते वं ओटी भराले?” ती म्हणाली. “तुझा काका गेला, तवापासून कोणत्या घरी हळदीकुंकवाचं बलावणं आलं मले? तुझ्या लग्नात मी सैपाकघरात होती. साडी माझ्या हातची आहे, तर तिची ओटी माझ्या हातची. घडीच्या आत कोण पाहते?”

मला संताप आला, कोणावर ते कळेना. मी तिथंच मागाच्या काठावर बसले. मग काकूच म्हणाली, “जाळू दे म्हण त्याले. साड्या पोचल्या पाहिजे.”

तिच्याच घरी बसून मी उत्तर लिहिलं. खायचा तांदूळ आहे, पेरायचा नाही. वाळलेलं हळकुंड, वाळलेली सुपारी. विकायला ठेवलेलं नाही. साडी देताना शुभ म्हणून ठेवायची रीत आहे, विणणाऱ्या बाईनं स्वतः ठेवलं, पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं, काढून जाळायला हरकत नाही. एजंटनं वाचलं आणि म्हणाला, “आता कसं एकदम साफ झालं!” झालं होतं खरं. काकूनं मला जे सांगितलं ते तेवढं त्यात नव्हतं.

साड्या सुटल्या. दुकानदार बाईच्या हाती उशिरा पडल्या, पण तिला आवडल्या आणि पुढची ऑर्डरही आली. काकूच्या मुलानं बसस्टँडजवळ भाड्यानं गाळा घेतला.

पुढचा माल बांधायला मी गेले तेव्हा काकूनं आपणहून एकेक घडी माझ्यासमोर उलगडली. “पाहून घे,” म्हणायची, आणि पुन्हा घडी घालायची. एकीतही काही नव्हतं. तिच्याजवळ एका ताटलीत तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या काढून ठेवलेल्या होत्या. सवयीनं काढल्या असतील. शेवटची पिशवी बंद केली आणि ताटली उचलून ती डब्याकडे निघाली.

“थांब,” मी म्हटलं, आणि खाली बसून ओढणी पुढे पसरली. “माझी भर.”

“येडी झाली काय? तुझा नवरा आहे, लेकरं आहेत. माझ्या हातची चालत नाही तुले.”

“चालत नाही ते तिकडच्या साहेबाले. मले चालते.”

ताटली धरूनच ती दार लावायला वळली. समोरच्या घरच्या बायका बाहेर गहू निवडत बसल्या होत्या.

“दार राहू दे उघडं,” मी म्हटलं.

बायकांचे हात थांबले. काकूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या देखत माझी ओटी भरली.